बदलापूरहून जमेल का?

वाचकाचं पत्र

'मी बदलापूर पूर्वेला राहते. वय ३२, बी.कॉम. झाले आहे, टॅली येतं. लग्नानंतर लालबागला सासऱ्यांच्या खोलीत होतो. तेव्हा मस्जिद बंदरच्या एका पेढीत सहा वर्षं हिशेब सांभाळले. खोली अपुरी पडायला लागली म्हणून कर्ज काढून इथे वन बीएचके घेतला. मुलगी सात महिन्यांची असताना नोकरी सोडली, कारण घरातून निघून परत येईपर्यंत चौदा तास व्हायचे. मुलगी आता साडेपाच वर्षांची आहे, शाळा आठ ते साडेबारा. मिस्टर अंधेरीला जातात, सकाळी पावणेसातला निघतात, रात्री साडेनऊला येतात. त्यांचा पगार ३४,०००, घराचा हप्ता १९,०००. वर्षभर नोकरी शोधते आहे. एका ठिकाणी मुलाखत छान झाली, शेवटी साहेबांनी विचारलं, "बदलापूर? इतक्या लांबून रोज जमेल का?" पुढे फोन आला नाही. आता दोन गोष्टी हातात आहेत. लोअर परळला २२,००० देतायत, साडेनऊ ते साडेसहा. आणि घरापासून दहा मिनिटांवर टाइल्स-सिमेंटच्या दुकानात हिशेबाचं काम आहे, वेळ तीच, पण ९,०००. सोसायटीतल्या पाळणाघरवाल्या काकू संध्याकाळी सातपर्यंतचे ३,५०० आणि रात्री नऊपर्यंतचे ५,००० म्हणतात. सासूबाई गावाहून फोनवर सांगतात, घरी बसून डबे कर. मिस्टर म्हणतात, घर विकून भांडुपला भाड्याने जाऊ. माझ्याबरोबरच्या मुली आज ३५-४० हजार घेतात. माझ्यातच काही कमी आहे का? काय करू?'

– एक वाचक, बदलापूर पूर्व

ताई,

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मनात पक्कं नसेल तर पुढचं काहीच नीट ठरवता येणार नाही. तुमच्यात काही कमी नाही. सहा वर्षं मस्जिद बंदरच्या पेढीत हिशेब सांभाळलेली बाई कामात कच्ची असूच शकत नाही. तिथे महिनाअखेरीला पैशापैशाचा मेळ बसल्याशिवाय कुणी घरी जात नाही. तुमच्या मैत्रिणी आणि तुम्ही एकाच पायरीवर होतात. मधल्या काळात तुमची पात्रता घसरलेली नाही, तुमचा पत्ता बदलला आहे. त्या पत्त्याची किंमत बाजार तुमच्याकडून वसूल करतो आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. ठाण्यात एका कारखान्याच्या कार्मिक विभागात माझी नोकरी झाली. अर्जांचा गठ्ठा टेबलावर आला की शिक्षणाच्या आधी पत्त्याचा रकाना बघणारे साहेब मी पाहिले आहेत. टिटवाळा, आसनगाव, बदलापूर, नालासोपारा असं दिसलं की अर्ज खालच्या बाजूला जायचा. कुणी तोंडाने नकार देत नसे. 'पावसात दांड्या होतील', 'सहाला गाडीसाठी पळेल', 'जवळची मिळाली की सोडून जाईल' असं आपसांत बोललं जायचं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ती दृश्यं देशभर दिसली. साहेब लोकांच्या मनात बदलापूरचं तेच चित्र बसलं आहे. तुमच्या मुलाखतीतला शेवटचा प्रश्न तिथून आला होता.

हा अनुभव जगभरचा आहे. कामं एकीकडे आणि राहती घरं दुसरीकडे असली की लांब राहणाऱ्यांच्या वाट्याला कामं कमी येतात, हे जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली अमेरिकेतल्या शिकागो आणि डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीयांच्या आकडेवारीवरून मांडलं होतं. अलीकडे वॉशिंग्टनमध्ये एक प्रयोग झाला. सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज वेगवेगळ्या पत्त्यांवरून मालकांना पाठवले, तर लांबच्या पत्त्यांना बोलावणी कमी आली. वस्ती गरीब की श्रीमंत याने फारसा फरक पडला नाही, फरक पडला तो अंतराने. म्हणून एक वर्ष फोन आले नाहीत याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

आता बदलापूरबद्दल. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १,७४,००० च्या वर गेली आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले हे तुम्ही खिडकीतून पाहताच आहात. पण ही वाढ घरांची आहे, कामाची नाही. इमारत बांधून झाली की गवंडी, सुतार, फरशीवाले पुढच्या साइटवर जातात. मागे उरतात ती दुकानं, क्लासेस, दवाखाने, वॉचमन, डिलिव्हरीवाली मुलं. बदलापूरला एमआयडीसी आहे, पण बरेचसे कारखाने रसायनांचे, आणि तिथली भरती मुख्यतः कंत्राटदाराच्या हातून. हिशेब, खरेदी, बँक, विमा, संगणक असली टेबलावरची कामं दक्षिण मुंबई, परळ, वांद्रे-कुर्ला, अंधेरी, पवई आणि ऐरोली-महापे या पट्ट्यातच राहिली. म्हणजे घरं पूर्वेला सरकत गेली आणि ऑफिसं जागेवरच थांबली.

यात लालबागची गोष्ट मला फार लागते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातल्या पुष्कळांना गिरणीत पुन्हा काम मिळालं नाही. पुढे मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एक-एक तृतीयांश वाटा महापालिका आणि म्हाडाला ठरवला होता. २००१ च्या बदलाने तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. बाकीच्या जागेवर मॉल आणि काचेची ऑफिसं आली. तुमचे सासरे गिरणीत होते का हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ज्या लोअर परळच्या ऑफिसात तुम्हांला २२,००० देऊ करतायत, ते बहुधा अशाच एखाद्या कंपाउंडात असेल, आणि तुमच्या जुन्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. अलीकडे गिरणी कामगारांना बदलापूरच्याही पुढच्या शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा सरकारी बेत आला तेव्हा कामगार संघटनांनी तो मान्य केला नाही. आम्हांला मुंबईतच घर हवं, असं ते म्हणाले. 'स्वस्तात मिळतंय तर का नको' असं विचारणाऱ्यांनी तुमचं पत्र वाचावं. घर मिळालं आणि काम दोन तासांवर राहिलं तर घरातलं एक माणूस हमखास घरी बसतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

तुमच्या घरातही तेच झालं आहे. मिस्टर जवळजवळ पंधरा तास बाहेर असतात, त्यामुळे शाळेचा फोन, ताप, गॅसवाला, सोसायटीची नोटीस हे सगळं तुमच्याकडे येतं. त्यांची नोकरी तुमच्या घरी असण्यावर उभी आहे. हे त्यांच्यावर बोट दाखवायला लिहीत नाही, ते बिचारे रोज गर्दीत जीव घालून जातायत. पण हा हिशेब तुम्हा दोघांसमोर कधी मांडला गेला नसावा असं पत्रावरून वाटतं. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबळ पाहणीत शहरांमधल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २८ टक्केच काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या, खेड्यात हेच प्रमाण ४७.६ टक्के होतं. याला कारणं पुष्कळ आहेत, पण घर आणि कामाच्या मधलं अंतर त्यात नक्की आहे.

तेव्हा आता कागद घ्या. पगाराचा आकडा बाजूला ठेवा आणि दाराला कुलूप लावल्यापासून कुलूप उघडेपर्यंतचे तास मोजा. महिन्याचे २५ दिवस धरू.

लोअर परळ: साडेनऊला टेबलावर असायचं तर सव्वासातला निघायला हवं. दादरला गाडी बदला किंवा करी रोडला उतरून चाला, येताना पावणेनऊ होणार. साडेतेरा तास. महिन्याचे ३३७. पगारातून पास आणि दोन्हीकडच्या रिक्षांचे २,००० आणि काकूंचे ५,००० वजा केले की उरतात १५,०००. म्हणजे तासाला ४४-४५ रुपये. टाइल्सचं दुकान: चालण्यासकट दिवसाचे साडेनऊ तासही नाहीत, महिन्याचे २३३ धरा. काकूंचे ३,५०० गेले की उरतात ५,५००, म्हणजे तासाला साडेतेवीस.

दोन्ही आकडे बघून मन खट्टू होईल, पण तिसरा आकडा राहिला आहे. मुंबई सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटरवर आणि बदलापूर सुमारे ६८. म्हणजे ठाणं बरोबर मधोमध. समजा वागळे इस्टेटमध्ये किंवा ऐरोलीला १७,००० ची नोकरी मिळाली. हा आकडा मी धरलेला आहे, तुमच्या सहा वर्षांच्या अनुभवाला तो अवाजवी नाही. सव्वाआठला निघून सव्वासातला घरी, अकरा तास, महिन्याचे २७५. प्रवासाचे १,५०० आणि काकूंचे ४,००० काढले की ११,५०० उरतात, तासाला बेचाळीसच्या आसपास. परळच्या नोकरीपेक्षा तासाला दोन-तीन रुपये कमी, पण महिन्याला ६२ तास घरी जास्त. या ६२ तासांत मुलीचा अभ्यास होतो, स्वयंपाक होतो, आणि तुमची झोप होते. शिवाय १७,००० चा पगार २१,००० च्या आत असल्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं. तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला १२७ रुपयांच्या आसपास कापले जातील आणि त्यात मुलीच्या औषधपाण्याचीही सोय होईल. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफही येतो. मालकाचा वाटा हातात दिसत नाही, पण तो तुमचाच पैसा आहे. मुलाखतीत हे विचारायला संकोच करू नका.

म्हणून माझा सल्ला असा की परळ की बदलापूर, या पेचातून बाहेर या. मधल्या स्टेशनांकडे तुम्ही बघितलेलंच नाही. सगळ्यांत आधी अंबरनाथ. आनंदनगर एमआयडीसीत शेकड्यांनी कारखाने आहेत आणि प्रत्येकाला खरेदी-विक्रीची बिलं, ई-वे बिल, जीएसटी, पगारपत्रक बघणारं माणूस लागतं. या जागा नोकरीच्या ॲपवर फारशा येत नाहीत. त्या भरल्या जातात गेटवरच्या पाटीवरून, कारखान्याच्या सीएमार्फत, किंवा आधीच्या अकाउंटंटच्या ओळखीतून. दोन दिवस काढा, बायोडेटाच्या पंचवीस प्रती घ्या आणि गेटोगेट द्या. वॉचमनकडे देऊन परत फिरू नका, 'अकाउंट्सच्या साहेबांना दोन मिनिटं भेटायचंय' असं म्हणा. जाताना एक लक्षात ठेवा: सकाळच्या फास्ट गाडीत बदलापूरला चढून पुढच्याच अंबरनाथला उतरणं ही मोठी कसरत आहे, दारातला घोळका उतरू देत नाही. रस्त्याने शेअर रिक्षा किंवा बस बघा. स्वतःची स्कूटी असेल तर प्रश्नच मिटला.

मग ठाणे. वागळे इस्टेट, घोडबंदर रोडवरची ऑफिसं, स्टेशनजवळचे सीए. मग ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर रेल्वेमार्गावरचं ऐरोली-रबाळे. ठाण्याला गाडी बदलावी लागते, ऐरोली-कळवा जोडमार्ग होईल तेव्हा तो फेरा वाचेल, पण आजचा हिशेब आजच्या गाड्यांवर करा.

बायोडेटात पत्त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. खोटा पत्ता देऊ नका, नातेवाइकाचाही नको. पहिल्या पानावर पूर्ण पत्ता लिहिण्याची काही गरज नसते. नाव, फोन, ई-मेल आणि त्याखाली 'सकाळी ९.३० ला ठाणे येथे रुजू होऊ शकते' एवढं लिहा. वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न येणार आहे त्याचं उत्तर तिथेच द्या. मुलाखतीत 'बदलापूरहून जमेल का?' आलाच, तर 'हो सर, प्रयत्न करेन' असं पडक्या आवाजात म्हणू नका. 'मी ८.१५ ला निघते, मुलीची सोय संध्याकाळी सव्वासातपर्यंत झालेली आहे, गाडी बंद पडली तर त्या दिवसाचं काम घरून संगणकावर पूर्ण करून देईन' असं सांगा. साहेबांना घड्याळाचे आकडे ऐकले की धीर येतो. हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलेलं आहे.

परळवाल्यांना लगेच नाही म्हणू नका. त्यांना दोन गोष्टी विचारा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम चालेल का, आणि येण्याची वेळ साडेदहा होईल का. हल्ली हिशेबाचं बरंचसं काम ऑनलाइन होतं, त्यामुळे ही मागणी वावगी नाही. दोन्हींपैकी एकही मिळत नसेल तर माझं मत ती नोकरी घेऊ नये असं आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले आणि त्यांतले काही जिवानिशी गेले. त्या मार्गावर ऐन गर्दीत रोज दोन वेळा जायचं, आणि रात्री पावणेनऊला पेंगुळलेली मुलगी शेजारून उचलायची. तासाला दोन-तीन रुपये जास्त मिळतात म्हणून हे करावं असं मला वाटत नाही. पैशांची फारच ओढ असेल आणि दुसरं काही मिळेपर्यंत सहा महिने काढायचे असतील, तर गोष्ट वेगळी. मग मुदत आधी ठरवा आणि ती दोघांनी पाळा.

आता पाळणाघराबद्दल, कारण यावर मला राग येतो. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची आहे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. कायदा चांगला आहे. पण तो लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर बदलापूरची सव्वासातची लोकल नसावी. त्या गाडीत मूल कडेवर घेऊन कोण चढणार? तुमच्यासारख्यांना पाळणाघर ऑफिसजवळ नको, घराजवळ हवं, सकाळी सातला उघडणारं आणि रात्री नऊपर्यंत चालणारं. नगरपरिषदेकडे बागा आणि कमानींबरोबर ही मागणीही गेली पाहिजे. तुमच्या सोसायटीत नोकरी सोडलेल्या किमान पाच-सहा जणी असतीलच. तुम्ही सगळ्या मिळून नगरसेवकाकडे गेलात तर ते ऐकावं लागेल. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आणि जादा गाड्यांचंही तसंच. प्रवासी संघटना हे विषय गर्दीचे म्हणून मांडतात, ते योग्यच आहे. पण ते बायकांच्या रोजगाराचे विषय आहेत हे बायकांनीच जाऊन सांगायला हवं.

तोवर काकूंशी दर ठरवताना एक करा. सातनंतरच्या जादा वेळाचे वेगळे पैसे तासावर ठरवा, म्हणजे गाडी लेट झाली तर वाद होणार नाही.

आणखी एक काम आहे, जे बदलापुरात इमारतींबरोबर वाढतं आणि ज्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. सोसायट्यांचे हिशेब. प्रत्येक नव्या इमारतीची सोसायटी होते. तिला महिन्याची मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीची यादी, बँकेचा मेळ लागतो, वर्षाला ऑडिट लागतं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जमाखर्च ठेवावा लागतो. हे करायचं असतं खजिनदाराने. आणि खजिनदार तर तुमच्या मिस्टरांसारखाच रात्री साडेनऊला घरी येतो. त्याच्या रजिस्टरमध्ये चार-चार महिन्यांच्या नोंदी राहिलेल्या असतात. ज्या अंतराने तुमची नोकरी गेली त्याच अंतराने हे काम तुमच्या दारात आणून ठेवलं आहे. आपल्या सोसायटीपासून सुरू करा, दर फ्लॅटमागे ठरवा, लेखी पत्र घ्या, रोख पैसे हातात घेऊ नका, सगळं सोसायटीच्या खात्यातच जमा होऊ द्या. चार-पाच सोसायट्या झाल्या की दुकानाच्या ९,००० इतके पैसे घरबसल्या सुटू शकतात. यात पीएफ नाही, ईएसआय नाही, भरपगारी सुट्टी नाही, हे लक्षात ठेवून करायचं.

डब्यांबद्दल सासूबाईंना दुखवू नका, पण मला विचाराल तर नको. डबे हा स्वतंत्र धंदा आहे, त्यात हौस आणि अंगमेहनत दोन्ही लागतात. बी.कॉम. आणि सहा वर्षांचा अनुभव असताना पहिल्यापासून दुसरं कशाला शिकायचं? आणि 'घरबसल्या डेटा एंट्री, नोंदणी फी फक्त अमुक' असल्या जाहिरातींकडे फिरकू नका. कामाआधी पैसे मागतो तो मालक नसतो. काही ठिकाणी तर नंतर 'चुका झाल्या, दंड भरा' म्हणून वकिलाच्या नावाने धमक्या येतात. आली तर घाबरून पैसे भरू नका, पोलिसांच्या १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पाच वर्षांत तुमच्या कामात काही बदललं आहे, ते महिनाभरात भरून काढा. टॅली ईआरपी ९ ची जागा टॅली प्राइमने घेतली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ राहिले. हे तीन विषय हाताखालून गेले की मुलाखतीत पाच वर्षांचं अंतर कुणाला जाणवणार नाही. त्यासाठी मोठ्या क्लासला हजारो रुपये भरायची गरज नाही, एखाद्या सीएकडे जीएसटी रिटर्नच्या दिवसांत, ११ आणि २० तारखांच्या आधी, मदतीला बसलात तर जास्त शिकाल. 'महास्वयम' या राज्य सरकारच्या रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवून ठेवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० विद्यावेतन ठरलं होतं, वयाची अट ३५ पर्यंत. जवळपास जागा निघाली तर अनुभवाचं पत्र मिळवण्यापुरता तिचा उपयोग आहे, कायम नोकरीची आशा तिच्यावर ठेवू नका.

घर विकू नका, निदान आत्ता तरी नको. कर्जाच्या पहिल्या वर्षांतले हप्ते बरेचसे व्याजात जातात, मुद्दल फारशी फिटलेली नसते. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली हे गेलेले पैसे परत येत नाहीत. भांडुपचं भाडं आणि डिपॉझिट बदलापूरच्या भाड्यातून सुटणार नाही. फार तर असं बघा की मिस्टरांना अंधेरीऐवजी ठाणे-ऐरोली पट्ट्यात काही मिळतं का. तुम्हीच एकट्या जवळची नोकरी शोधायची असं कुठे लिहिलेलं नाही. त्यांचे दोन तास वाचले तर तुमचे पर्याय दुप्पट होतात. रविवारी मुलगी झोपली की वरचा तासांचा कागद दोघांमध्ये ठेवा आणि त्यात त्यांचीही ओळ लिहा: ३४,००० भागिले त्यांचे तास.

राहता राहिला दुकानदार. तो ९,००० का म्हणतो? कारण त्याला माहीत आहे की तुमच्यासारख्या शिकलेल्या बायका आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीत आहेत आणि त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं, त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, आणि पूर्णवेळ कुशल कामाचा आकडा ९,००० च्या वर आहे. चालू दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर बघून जा. भांडायला जाऊ नका. त्याला शांतपणे सांगा: 'शेठ, तुमच्या दुकानाचे हिशेब दिवसभराचं काम नाही. मी सोमवार ते शनिवार नऊ ते साडेबारा येते, मुलगी शाळेत असते तेवढ्या वेळात तुमची बिलं, जीएसटी आणि उधारी रोजच्या रोज पूर्ण करून देते. पैसे तेच, ९,०००.' दुकान नऊला उघडतं की साडेनऊला, हे आधी बघून ठेवा. तो हो म्हणाला तर काकूंचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो, दुपार सोसायट्यांच्या हिशेबांना मोकळी राहते, आणि अंबरनाथ-ठाण्याचा शोध सावकाश घेता येतो. नाही म्हणाला तर पूर्णवेळ ९,००० ला बसू नका. एकदा त्या आकड्यावर बसलात की पुढचा मालक 'आधी किती घेत होतात?' विचारून तिथूनच बोलणी सुरू करेल.

दुकानदाराचं उत्तर आणि आनंदनगरच्या दोन दिवसांत काय झालं, हे दोन्ही मला लिहून पाठवा. तिथे कुणी बोलावलं आणि पगाराची बोलणी करायची असली, तर जाण्याआधी लिहा, आकडा आपण मिळून ठरवू.